अंदमानची सहल, आईचा दहावा

जांबे, ता. मुळशी
६ फेब्रुवारी २०२४

चि. निरंजन यास,

आशीर्वाद लिहायला हात गेला होता, तो मागे घेतला. तब्येत विचारायची तर तू बरा असशीलच. गावचा सरपंच झालास, कानामागचा गुलाल अजून निघाला नसेल. मी इकडे माहेरी आहे. दोन वेळा जेवते, पाठ टेकते, आणि दिवस काढते.

काल तुझे दादा येऊन तू पाठवलेला अल्बम देऊन गेले. हिंजवडीच्या स्टुडिओतून घाईनं छापून घेतलास म्हणे. जाड गुळगुळीत कागद, वर सोनेरी अक्षरांत ‘अविस्मरणीय अंदमान’. सोबत निरोप, की रविवारी सत्कार आहे, वहिनींनी स्टेजवर असावं, लोक विचारतात. म्हणजे लोक विचारतात म्हणून वहिनी आठवली. मी फोन केला नाही, कारण फोन नुसता वाजला तरी आता माझ्या अंगाची लाही होते. म्हणून हा कागद. दादांच्या हातीच देणार आहे, त्यांनी वाटेत वाचला तरी चालेल.

जे घडलं ते तुला ठाऊक आहे. तरी मी पहिल्यापासून लिहिणार, कारण गावात तू ते वेगळंच सांगत फिरतोयस.

आधीच्या सरपंचानं ठरल्याप्रमाणे राजीनामा दिला आणि नव्या निवडीची तारीख लागली. तू आणि मी धरून पाच सदस्य आपल्याकडे, चार त्यांच्याकडे. एक फुटला तर खेळ खल्लास. अशा वेळी सदस्यांना उचलून सहलीला न्यायची आपल्याकडे रीतच आहे, ती काही तू काढली नाहीस. कुणी गोव्याला नेतं, कुणी महाबळेश्वरला. तू म्हणालास, गोव्यापर्यंत विरोधकांच्या गाड्या मागे येतात, बेटावर कोण मरायला येतंय. निघायच्या आदल्या दिवशी देवळात आम्हा बाकीच्या चौघांना बेल-भंडारा उचलायला लावलास आणि मोबाईल एका कापडी पिशवीत गोळा केलेस. माझा मोबाईल टाकायच्या आधी मी काय म्हणाले ते आठव. म्हणाले, आईला दम लागतोय, मला रोज एक फोन लावून द्यायचा. ते जमत नसेल तर मी घरीच बसते, माझं मत कुणाच्या बापाला विकत मिळायचं नाही. तू त्याच भंडाऱ्यावर हात ठेवलास. म्हणालास, ‘‘वैनी, रोज लावून देतो. माझी बी आईच हाय ती.’’

मी विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? मी लग्न होऊन आले तेव्हा तू तिसरीत होतास आणि तुझी आई अंथरुणाला खिळलेली. तुझ्या डोक्यातल्या उवा मी काढल्यात.

सहल वाईट होती असं मी म्हणणार नाही. खोटं बोलायचा मक्ता तुझा, माझा नाही. पोर्ट ब्लेअरला टेम्पो ट्रॅव्हलर केलीस, तिच्यातून बेटाच्या पार वरच्या टोकापर्यंत जायचं होतं. पहाटे आदिवासींच्या राखीव जंगलाच्या फाटकाशी गाड्यांची रांग लागली. मग पोलिसांच्या गाडीमागून सगळ्यांनी एका ओळीत निघायचं, मधे थांबायचं नाही, फोटो काढायचे नाहीत. ताम्हिणी घाटात आमचा जन्म गेला, पण तसलं रान मी बघितलं नव्हतं. झाडाचा शेंडा बघायला जावं तर मान दुखायची. पुढे खाडी आली आणि आख्खी गाडीच बोटीवर चढली. आपल्यातली सगळ्यात लहान सदस्य वैष्णवी, ती तर माझा दंड सोडेना.

त्याच दिवशी छोट्या बोटीतून खारफुटीमधून गुहा बघायला निघालो आणि चिखलात मगर दिसली. मला आधी ओंडकाच वाटला. गावात मिशा पिळत फिरणारे आपले शैलेशराव ती बघायला उभे राहिले आणि बोट कलंडली. बोटवाला ओरडला, ‘‘बैठो, अरे बैठो.’’ शैलेशराव बसले ते थेट माझ्या मांडीवर. पोट दुखेपर्यंत हसलो आम्ही. संध्याकाळी तू तुझ्या फोनवरून आईला फोन लावून दिलास, स्पीकरवर, कारण कोण काय बोलतंय ते तुला ऐकायचं होतं. मी तिला मगरीची गोष्ट सांगितली. आई म्हणाली, ‘‘लांबनंच बघ गं बाई. आन् पान्यात पाय घालू नगंस.’’ बोलताना तिला दोनदा खोकला आला. मी म्हटलं, आले की तुला पुण्याच्या डॉक्टरकडे नेते. बरं म्हणाली. ते आमचं शेवटचं बोलणं.

दुसऱ्या दिवशी मी फोन मागितला तर म्हणालास, रेंज नाही. बेट आहे, मला खरं वाटलं.

आता रंगत गावातल्या सकाळचं लिहिते. अल्बममध्ये त्या सकाळचे सात-आठ फोटो आहेत. खारफुटीतून समुद्राकडे जाणारा लाकडी पूल, खाली पाण्यात मगरींपासून सावध राहायची पाटी, फांदीवर निळ्या पंखांचा पक्षी. आम्ही सगळे पुढे होतो. तू मागे राहिलास, कानाला फोन. म्हणजे रेंज होती. माझ्या डोक्यात तेव्हा हे आलंच नाही, मी पक्षी बघत होते. तू बऱ्याच वेळानं आलास, चेहरा उतरलेला. मी विचारलं, ‘‘काय रं, कुणी फुटलं का?’’ तू मान हलवलीस आणि माझ्यासाठी शहाळं घेऊन आलास. पाणी पिऊन झाल्यावर ते स्वतः फोडून आणलंस, म्हणालास, ‘‘वैनी, मलई खावा.’’ मग गाडीत ड्रायव्हरशेजारची जागा दिलीस, उन्हाचं लागतंय म्हणून स्वतःची टोपी दिलीस. मी वैष्णवीला म्हटलं सुद्धा, की पोरगं लई माया करतंय आज.

त्या फोनवर माझा भाऊ माऊली होता. माऊलीनं तुला सांगितलं होतं, आई गेली.

शहाळं हातात धरलेला माझा फोटो तू अल्बममध्ये पूर्ण पानभर मोठा करून घातलास. खाली छापलंस, ‘आमच्या वहिनी, आमची ताकद’. निरंजन, तुला लाज कशी वाटली नाही?

तिथून मागे फिरायला हवं होतं. तू गाडी आणखी उत्तरेला नेलीस. संध्याकाळी वनखात्याची माणसं टोपलीतून कासवाची पिल्लं आणून वाळूत सोडत होती. पिल्लं लाटेकडे चालायला लागली की बघणारे सगळे टाळ्या वाजवायचे. मीही वाजवल्या. इकडे जांब्यात त्याच वेळी माऊली आईला अग्नी देत होता. तोही फोटो अल्बममध्ये आहे. मी दात काढून हसतेय.

परतीच्या वाटेवर मी रोज फोन मागितला. एकदा म्हणालास, फोनची बॅटरी उतरली. एकदा म्हणालास, आत्ताच बोललो, आई झोपलीय, कशाला उठवायची. आई झोपलीय म्हणालास तू मला.

विमानतळावरून गाडी थेट पंचायतीच्या दारात. आत गेलो, तुझं नाव पुकारलं, मी हात वर केला. एका मतानं आलास. बाहेर डीजे लागला आणि पोरांनी पोतं फोडून गुलाल उधळला. मी नखशिखान्त लाल. तेवढ्यात तुझे दादा गर्दीतून आले. त्यांच्या अंगावर गुलालाचा ठिपका नव्हता. मी हसत म्हटलं, अहो, तुम्ही कोरडेच कसे? ते म्हणाले, ‘‘तुला निरंजननं सांगितलं न्हाई?’’

डीजे वाजतच होता. मी डीजे बंद करा म्हणाले की नाही, मला आठवत नाही. दादा म्हणतात, मी थेट गाडीकडे चालत सुटले. त्यांनाही तू फसवलंस. रोज सांगत होतास, वहिनींना कळवलंय, त्या रडून रडून झोपल्यात.

मी तशीच जांब्याला आले. साडीवर गुलाल, भांगात गुलाल, कानात गुलाल. आईच्या दारात. ओटीवर बायका बसल्या होत्या. सकाळी सावडून झालं होतं, आईच्या जागी दिवा होता. एकीनंही माझ्या गळ्यात हात घातला नाही. माहेरवाशीण दारात आली की हंबरडा फोडतात ना, तो कुणी फोडला नाही. माझी भावजय तांब्या घेऊन आली, पायावर पाणी घातलं आणि आत निघून गेली. मला वाटलं, गुलाल बघून. धुवून येते म्हटलं.

नुसता गुलाल असता तर मी तो धुतला असता आणि हे पत्र लिहिलं नसतं. राग आला असता, गिळला असता. मत द्यायला लावलंस, आईचं तोंड बघू दिलं नाहीस, हे सुद्धा कदाचित मी कधीतरी पोटात घातलं असतं, कारण तुला मी वाढवलंय आणि वाढवणाऱ्या बाईला अक्कल कमीच असते.

पण रात्री मी माऊलीला विचारलं, एक दिवस थांबला का नाहीस रे? तर तो म्हणाला, ‘‘आक्का, मी शीतपेटी सांगून ठेवलेली. दुसऱ्या दिसापत्तुर ठेवतो म्हनत व्हतो. पर तूच सांगितलंस न्हवं, उरकून घ्या म्हनून?’’

मी म्हटलं, मी? कधी?

तेव्हा मला कळलं. तू त्याला म्हणाला होतास, ‘‘वैनीला सांगितलंय. त्या म्हनल्या, माझं मत महत्त्वाचं हाय, मला यायला जमनार न्हाई. बॉडी ठेवू नका, उरकून घ्या.’’

माझ्या तोंडी हे शब्द घातलेस तू. त्या दिवशी रंगतहून निघाले असते तर दुसऱ्या दिवशी विमानानं मी पोचले असते. भावानं आई ठेवली असती. केसानं गळा कापणं म्हणतात ते आजवर नुसतं ऐकलं होतं.

मी माऊलीच्या पाया पडून सांगितलं, मी असं म्हटलं नाही, मला माहीतच नव्हतं. तो खाली बघून म्हणाला, ‘‘निरंजन कशाला खोटं बोलंल? जाऊ दे आता, झालं ते झालं.’’ तुझ्या दादांनी सांगून बघितलं, तर सगळ्यांना वाटतं, नवरा बायकोची बाजू घेणारच. वैष्णवी येऊन बोलून गेली, तर म्हणतात, ती त्यांच्याच पार्टीची. आत्यानं चार बायकांत सुनावलं, खुर्चीपायी आई टाकली हिनं. आणि तू गावात काय सांगतोयस? बेटावर रेंज नव्हती, थोडा गैरसमज झाला. असा कुठला टॉवर आहे रे, ज्याला रेंज नसली की तो माझ्या नावानं बोलायला लागतो?

परवा दहावा आहे. तू येशीलच. तालुक्यातला एक दहावा तू चुकवत नाहीस, मयत ओळखीचं असो नसो. भटजींचं उरकलं की माईक फिरतो आणि तू श्रद्धांजली वाहायला उभा राहतोस. आता सरपंच आहेस, पहिलं नाव तुझंच पुकारतील. मायमाऊली, कष्टाळू, तिचे संस्कार, हे सगळं तुझं पाठ आहे. माझ्या आईबद्दल त्यातलं एक अक्षर बोलायचं नाही.

माईक हातात घ्यायचा आणि सांगायचं, की स्नेहलला मी कळवलंच नव्हतं. उरकून घ्या हे तिनं म्हटलं नव्हतं, मी म्हटलं होतं. एवढी दोनच वाक्यं, मग खाली बस. तुझी खुर्ची जाणार नाही, घाबरू नकोस. दोन वर्षं अविश्वास आणता येत नाही म्हणतात, ते तू आधीच वकिलाला विचारून ठेवलं असशील. माझं मत मला परत मिळणार नाही, तेही मला कळतं.

तू बोललास तर मी घरी परत येईन, सत्काराला उभी राहीन, असं काही समजू नकोस. त्याचा आणि याचा संबंध नाही. दादा म्हणतात, तो कसला बोलतोय, लोकांसमोर. मलाही तसंच वाटतं. नाही बोललास तर माईक मी मागून घेईन, पण माझं कुणी खरं मानणार नाही, आणि ते तुला पक्कं ठाऊक आहे.

मी अजून रडलेले नाही. आल्या दिवशी एकदा हुंदका आला, तर ओटीवरच्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं, आणि मी पदर तोंडात कोंबला. भावजय मला आधी वाढते, पाहुणीला वाढतात तसं. या घरात आईसाठी मोठ्यानं रडायचा हक्क होता माझा. दुसरं मी कधी काही मागितलं नव्हतं इथं. तो तू तुझ्या एका मतासाठी काढून घेतलास. परवा तो चार माणसांत परत दे. मला माझ्या आईसाठी रडायचंय.

धोंडाबाईची लेक,
स्नेहल