टाचण्या ओठांत धरून

लाडक्या लेकीस,

"आई, छोटूशी इथल्या भाषेत बोलायचं तर जरा नीट बोल गं. तो तुझे उच्चार उचलतो, शाळेत पोरं हसतात," असं तू परदेशातून फोनवर म्हणालीस, तेव्हा मी नुसतं "बरं" म्हटलं.

जन्मभर कपडे शिवताना टाचण्या ओठांत धरून गिऱ्हाइकांशी बोलले. माझी आपली भाषाच अर्धी तोंडातल्या तोंडात, तिथे परकी काय सुधारणार? तरी छोटू सुट्टीत आजीकडे विसरून गेला ते तिथल्या भाषेतलं अस्वलाचं पुस्तक काढलं, टाचण्या सुयांच्या गादीत खोचल्या आणि मशीनपाशी रोज मोठ्याने वाचायला लागले. मोबाइलमधली बाई वाचायची, तिच्यामागून मी. तुझे बाबा म्हणायचे, "अगं, हळू! लोकांना वाटेल, मी दुसरी आणली."

काल छोटूला फोनवर अख्खं पुस्तक वाचून दाखवलं. कुठेही अडखळले नाही. पूर्वी माझ्या तोंडचं अस्वल ऐकून तो खिदळायचा, "पुन्हा म्हण ना आजी" म्हणायचा. काल एकदाही खिदळला नाही. मग त्याने तुला विचारलं, "ही बाई कोण? आजी कधी येणार फोनवर?" त्याची भाषा आता मला नीट कळते, म्हणून तेही कळलं.

तू हसलीस. "बघ आई, किती सुधारलीस!" मीही हसले.

हे पत्र टपालात टाकणार नाही. वाचून तू लगेच फोन करशील, आणि मला पुन्हा स्वच्छ बोलावं लागेल. टाचण्या परत ओठांत धरल्यात.

तुझी,
आई