पोळ्याच्या दिवशी जुंपलेले बैल

पोळा, सन १९२८

शेषरावभाऊ,

पोळ्याले बैल जुंपले म्हणून आबानं तुले घराबाहेर काढलं, त्याले आज सात वर्षं झाली.

काल मी अन् आबा डाकबंगल्यावर भाजी द्याले गेलो. तिथं भिंतीवर आपल्या गावाचं जुनं चित्र हाये, चाळीस वर्षांआधी एका गोऱ्या साहेबानं काढलेलं. नदी, वड, मोट हाकून राहिलेला जवान माणूस. सारं निवांत. पण मोटेच्या बैलांची शिंगं रंगवलेली, पाठीवर झूल. आबा लय वेळ पाहून राहिले. मंग म्हणे, "भगवंता, हा मीच व्हय. साहेबाले चित्र काढायचं होतं, म्हणून पोळ्यालेच जुंपले."

हे पत्र टाकत नाही. सकाळीच आबा तुले आणाले निघाले. घरी तुह्या वाटचं पुरण शिजून राहिलं. दोन कोस पायी कायले चालता, गाडी जुंपतो म्हटलं, तर माह्यावर डाफरले.

आज पोळा हाये. पायीच गेले.

तुहा लहाना,
भगवंत