हिरवळीतला चौकोन

शिवकन्या,

नळाजवळच्या कोपऱ्यातला हिरवळीचा एक चौकोन मी खुरप्यानं काढून नेला आहे. गाय घुसली की काय म्हणून घाबरू नको. तू हौसेनं लावलेलं गवत न विचारता काढलं, राग धरू नको. विचारलं असतं तर उमाशंकरला कळलं असतं, आणि त्यानं मला जाऊ दिलं नसतं.

देगलूरच्या शेतात यांच्या समाधीवर लावायला नेते आहे. परवा गुरलिंग भाऊजी फोनवर म्हणाले, "वैनी, उंचवटा पार बसून गेलाय. नांगर धरणाऱ्याला जागाच दिसंना." काका-पुतण्याचं बोलणं नाही, म्हणून यांच्या अंगावरून नांगर जाऊ द्यायचा काय? तिथं रोज पाणी घालायला कुणी नाही. हे गवत कमी पाण्यावर तग धरतं, म्हणून हेच नेलं.

इथल्या खड्ड्यात माती भरून सपाट कर. युरिया मात्र टाकू नको, मागे टाकलास तेव्हा सगळं करपलं होतं. रोज पाइपही लावू नको. कडेचं गवत सरकत सरकत येऊन जागा भरून काढील.

भाकरी झाकून ठेवल्या आहेत. उमाशंकरला जेवण झाल्यावर सांग, आधी नको. म्हणावं, आई भांडायला गेली नाही. हा चौकोन भरायच्या आत त्यानंही एकदा शेताकडं जाऊन यावं. गवत सावकाश वाढतं, तेव्हा त्याला सवड भरपूर आहे.

तुझी सासू,
नीलाबाई