ताई ‘आलो’ म्हणाली त्याची हकीकत

चिरंजीव धाकटीला तुझ्या ताईचे पोटभर आशीर्वाद आणि दाजींना नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? तेल चोळतेस की नुसती बाटलीकडे बघत बसतेस? दाजींचा खोकला गेला की अजून शेजाऱ्यांना तोच उठवतो? सगळं सविस्तर कळव. मी इथे बरा आहे.

आता ‘बरा’ वाचून चष्मा पुसायला घेऊ नकोस. चष्मा ठीक आहे, ताई बिघडली आहे. हे पत्र मी टपालात टाकत नाही (टपालातली पत्रं उघडून वाचतात, आणि वाचणारे ओठ हलवत वाचतात, त्यामुळे उशीर होतो), तर तू दुरुस्तीला पाठवलेल्या शिलाई मशीनच्या पोटात, खालच्या पत्र्याच्या आत सरकवून पाठवतोय. म्हणजे इथे मी खुशाल ‘पाठवतेय’ लिहू शकतो. पण नाही लिहीत. जीभ घरात सैल सोडली की भर रस्त्यात दगा देते, म्हणून मी एकटा असलो तरी पुरुषच असतो. परवा स्वप्नात आपली आई आली, तर तिच्यासमोरही मी ‘जेवलो’ म्हणालो. ती बिचारी मागे वळून बघायला लागली, कोण बोललं म्हणून.

झालं ते असं. आमचे हे गेल्यानंतर दुकान मीच चालवत होतो, ते तुला ठाऊक आहे. यांना एक सवय होती. दारावर थाप पडली की मशीनखालून डोकं न काढता ओरडायचे, ‘आलो, आलो!’ आणि यायचे मात्र निवांत. ते गेल्यावर पहिल्यांदा थाप पडली आणि आतून कुणीच ओरडलं नाही, तेव्हा घर मला एवढं मोठं वाटलं की मीच ओरडलो, ‘आलो, आलो!’ मग तीच सवय लागली. कुणाचं काय बिघडत होतं? एखादी बाई नवऱ्याचा चष्मा जपून ठेवते, मी त्यांचा ‘आलो’ ठेवला.

हल्ली आमच्याकडे माणसं मोजायला सरकारी कानवाले फिरतात. परक्या बाईकडे बघणं असभ्य, म्हणून ते दाराला पाठ करून रस्त्याकडे तोंड करून उभे राहतात आणि नुसतं ऐकतात. आतून ‘आले’ ऐकू आलं की बाई, ‘आलो’ ऐकू आलं की बुवा. ज्या घरात बुवा नाही त्या घराला कुलूप, दुकानाला सील आणि आतल्या बायकांची रवानगी मर्यादागृहात. (तिथे हळू बोलायला शिकवतात. कोपऱ्यावरच्या शिंपीणबाई इतक्या छान शिकून आल्या की आता काहीच बोलत नाहीत.) कानवाल्यांना एवढंच कळलं होतं की मशीनवाल्या जोडप्यातलं कुणीतरी एक गेलंय. कोण उरलंय ते ऐकायला ते आले आणि थाप मारली. मी दातात स्क्रू धरून मशीनखाली. सवयीने ओरडलो. बाहेरचा कानवाला रस्त्याकडे बघतच म्हणाला, “म्हणजे बाई गेल्या तर. वाईट झालं हो, मिस्त्री.” आणि निघून गेला. अशा रीतीने मी वारलो. नीट लिहायचं तर, वारली ती मी आणि उरला तोही मीच.

आधी मला हसू आलं. मग लक्षात आलं की दुकान वाचलं, आणि त्याहून मोठं म्हणजे तुझी भिंगरी वाचली. तू लेक माझ्याकडे काम शिकायला ठेवलीस, ती तिच्या त्या खळखळून हसण्यासकट मर्यादागृहात गेली असती तर मी तुला काय तोंड दाखवलं असतं? म्हणून यांचे सदरे काढले, पँटी कमरेत दुमडल्या, भिंगरीने माझे केस कापले (एका बाजूला जरा जास्तच), आणि बाहेर पडलो. वाटलं होतं, पहिल्याच वळणावर धरतील. कसलं काय! बायकांकडे बघायचं नाही म्हणून बघत नाहीत, आणि पुरुषाकडे निरखून बघतो कोण?

कानवाल्यांनी नोंदवलं तेच गल्लीत खरं, म्हणून समोरचा चहावाला माझ्याकडे सांत्वनाला आला. म्हणाला, “मिस्त्री, वहिनी मनाने चांगल्या होत्या, पण तोंडाने फार. आता जरा सुखाने जगा.” मी यांच्यासारखी मान हलवली. स्वतःच्या माघारी लोक काय बोलतात ते ऐकायला मिळणारी माणसं थोडी. मला मिळालं आणि चहाही फुकट मिळाला. पण धाकटे, पुरुष असणं काही सोपं नाही हो. बाकावर बसलं की दोन माणसांची जागा अडवावी लागते, नाहीतर तब्येत विचारतात. ‘मला माहीत नाही’ म्हणायची सोय नाही. एकदा म्हणालो तर बैठकीतले सगळे चपापून बघायला लागले. पट्टा ताणून बसवला की मशीन जड चालतं, हे मी बाई होतो तेव्हा कंठशोष करून सांगायचो, तर गिऱ्हाईक म्हणायचं, मिस्त्रींना विचारून घेतो. आता तेच मी नुसतं ‘हं’ करून सांगतो आणि लोक माना डोलावतात. रडायचं तर नळ सोडून रडावं लागतं. आणि सगळ्यात वाईट ते गल्लीतल्या बायकांचं. ज्यांच्याबरोबर मी धुणं वाळत घालताना पोट धरून हसायचो, त्या आता मला येताना बघितलं की हसू गिळतात आणि पदर सावरतात. एकीला मी सहज विचारलं, काय गं, पोराचा दात आला का? ती भिंतीला चिकटली. त्या दिवसापासून मी गल्लीतून खाकरत चालतो. त्यांना आधीच कळावं म्हणून.

हेही सोसलं असतं. पण गेल्या आठवड्यात कानवाले परत आले, कारण घरात मुलीचा आवाज येतो असं कुणीतरी कळवलं होतं. दाराकडे पाठ करून एकाने विचारलं, मुलगी तुमची कोण? धाकटे, मी रात्रंदिवस शब्द फिरवत होतो गं. आलेचं आलो, गेलेचं गेलो, बसलेचं बसलो. डोकं त्याच चाकोरीत. ‘मावशी’ हा शब्द ओठावर आला, तोही झटक्यात फिरवला आणि ठणकावून सांगितलं, “मी तिचा मावसा!”

मामा म्हणायचं होतं. एवढंच म्हणायचं होतं. आईचा भाऊ, रक्ताचा, पुढे प्रश्नच नाही. पण मी शब्द फिरवला आणि नातं फिरवायचं विसरलो. कानवाल्याने मनातल्या मनात हिशोब केला: मावसा म्हणजे मावशीचा नवरा, मावशी वारलेली, म्हणजे रक्ताचं नातं नाही, मुलगी उपवर, माणूस एकटा. आणि खूश होऊन म्हणाला, “मग अडचणच मिटली की! तुम्हीच करून घ्या. आमचाही एक फेरा वाचला.” मी म्हणालो, अहो, माझं वय बघा. तो म्हणाला, बघायची पद्धत नाही. आणि रविवार ठरवून गेला.

मला पहिल्यांदा वाटलं, भिंगरीला सांगितलं की ती हसून हसून लोळेल. ती हसली नाही. मशीनचं चाक हाताने उगाच फिरवत बसली. तिला तुझ्याकडे उघडपणे धाडता येत नाही. मुलगी ज्या घरात मोजली गेली त्या घरातून ती लग्न होऊनच बाहेर पडते, आणि एकटी मुलगी तर नाक्याच्या पुढे जात नाही. खरं सांगावं तर दोघी मर्यादागृहात. सांगू नये तर रविवारी मी माझ्या भाचीचा नवरा. खूप डोकं चालवलं. जन्मभर दुसऱ्यांची अडलेली यंत्रं चालती केली, पण हे यंत्र तेलाने सुधारणारं नाही, त्याला तेल घातलं तर ते आणखी जोरात चालतं. एक उपाय सुचला आहे, तो खाली लिहितो. वर लिहायला हात धजला नाही.

गुडघ्याला जप. दाजींना रात्री दही देऊ नकोस.

तुझी,
म्हणजे तुझा,
असू दे, तुला कळलं.

ता. क. तुझ्या मशीनमध्ये काहीही दोष नव्हता. तू दोरा उलटा ओवत होतीस. लहानपणापासून उलटाच ओवतेस.

आणखी एक. मशीन घेऊन येणारा पोरगा अंगाने बारीक आहे, टोपी कपाळापर्यंत ओढलेली असेल. कानवाले आता तुमच्याकडेही फिरतात असं ऐकलं, म्हणून दारात तोंडातून भलतं काही काढू नकोस. “आलास का रे?” एवढंच म्हण. दाजींना आधीच दटावून ठेव, त्यांचं तोंड म्हणजे उघडा नळ. पोराला आत घे, कडी लाव, भांडी जरा जोरात घासायला काढ, आणि त्या आवाजात त्याच्या कानाशी “आलीस गं” म्हण. आत्ता टोपी घालून बघताना तिने मला विचारलं, “मावशी, मी ‘आलो’ म्हणायला लागले, तर परत ‘आले’ कधी म्हणायचं?” तू आई आहेस, तू काहीतरी सांग.

माझी काळजी नको. नवरी पळून गेलेल्या नवरदेवाला लोक हसतात, धरत नाहीत. गल्लीत कुणीतरी हसेल तरी.

शेवटचं. पत्राच्या सुरुवातीला मी ‘मी इथे बरा आहे’ असं लिहिलंय. त्यातला ‘बरा’ तेवढा खोड. तो शब्द दोन्ही बाजूंनी खोटा आहे.