बाळ येशूसाठी राखलेली खोली

मी, फिदेन्सियो साल्दिवार तापिया, वय एकोणपन्नास, धंदा मक्याच्या दळणाची गिरणी, राहणार सांता मारिया तेकोम्पा. या महिन्याच्या आठ तारखेला सकाळी, गिरणीचा पट्टा चढवण्याआधी, मी बाळ येशूच्या खोलीचे कुलूप काढले आणि आत जाऊन जमिनीवर बसलो. प्रार्थना करायची होती, पण एकही शब्द सुचला नाही. बाहेर चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याच्या बादल्या घेऊन बायकांची रांग लागली होती. शेवटी कुणीतरी खिडकीवर टकटक केले. "फिदेन्सियो, ऊठ रे बाबा, चुन्यातला मका आंबायला लागला!" मी उठलो, दळण केले, आणि दुपारी नोटरीकडे जाऊन मृत्युपत्राची चौकशी केली. सप्टेंबरात नोटरी हे काम निम्म्या दरात करतात, हेही एक कारण आहे. पण खरे कारण ती खोली.

माझी बुद्धी शाबूत आहे. रक्तदाब आहे, त्याची गोळी घेतो. माझ्यावर कुणाची जबरदस्ती नाही. बायकोने दोनदा मत दिले, पण ते मी विचारले होते. नोटरीच्या कारकुनाने दिलेला छापील मजकूर सुबक आहे, पण त्यात माझ्या वडिलांना कुठेच जागा नव्हती. मी जे देतो आहे ते सगळे त्यांनी उभे केलेले आहे, म्हणून हे मी माझ्या हाताने लिहितो.

पहिले. गिरणी, मोटर, दोन्ही दगड आणि रस्त्याकडची ओसरी माझा मुलगा इसाउरो याला. त्याने माझ्या वडिलांचे, डॉन तेओदुलो यांचे नियम पाळावेत. पोटुशी बाई रांगेत थांबणार नाही. ज्या घरात मृत्यू झाला, त्या घरचे दळण नऊ दिवस फुकट. आणि बायकांनी थट्टा केली तर तिला उत्तर द्यायचे, गप्प बसायचे नाही, कारण गप्प गिरणीवाल्याकडे कुणी येत नाही. रांगेतून डोन्या फेलिसितास त्यांना म्हणायच्या, "डॉन तेओदुलो, तुमच्या दगडाला दात उरलेत का हो? पीठ बघा, नुसती कणी!" वडील म्हणायचे, "तुमच्या सासूबाईंपेक्षा चार जास्तच आहेत. मका नीट शिजवा आधी." आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पट्टा उतरवून दगडाला नव्याने टाकी लावायचे. हे कुणाला सांगायचे नाहीत.

दुसरे. दगडाला टाकी लावायच्या छिन्न्या आणि हातोडा मुलगी नायेली हिला. इसाउरोचा हात जड आहे, हे त्यालाही ठाऊक आहे. काळ्या दगडावर खाच कोरताना मनगट सैल लागते. नायेलीचे मनगट तिच्या आजोबांचे आहे. भावाने दगडांना टाकी तिच्याकडूनच लावून घ्यावी, आणि त्या दिवशी तिला जेवायला घालावे.

तिसरे. समोर यंत्राच्या तोर्तियांचे, मक्याच्या भाकऱ्यांचे, दुकान काढणारा एवोदियो रोमान याला काही नाही. त्याने १९९८ साली नेलेली आमची शिडी त्याच्याकडेच राहू द्यावी. ती मागायला जाऊन मी माझा जीव पुन्हा कडू करणार नाही.

चौथे. बँकेतली शिल्लक, मागचे अंगण, स्वयंपाकघर आणि आम्ही झोपतो त्या दोन खोल्या माझी पत्नी क्रिसान्ता हिच्या, ती आहे तोवर आणि तिच्या मर्जीने. सत्तावीस वर्षे ती पिठाने माखलेल्या माणसाशेजारी झोपली. 

पाचवे. आता खोली.

आमच्या गावात बाळ येशूची मूर्ती देवळात राहत नाही. दर वर्षी दोन फेब्रुवारीला ती नव्या घरी जाते आणि वर्षभर तिथे राहते. त्या घराने रोज दार उघडे ठेवायचे, येईल त्याला जेवू घालायचे. मूर्तीसाठी स्वतंत्र खोली लागते, आणि त्या खोलीत कधीही कोणी झोपलेले नसावे, असा नियम आहे. पाळी मागणाऱ्यांची यादी लांब आहे. वडिलांनी १९८९ साली नाव घातले तेव्हा त्यांना २०२७ साल मिळाले. मी बारा वर्षांचा होतो. ते घरी नाचत आले आणि आईला म्हणाले, "एनेदिना, अडतीसच वर्षं! तोवर खोली बांधून होईल."

खोली दोन वर्षांत झाली. घरातली ती सगळ्यांत चांगली खोली. निळी फरशी, लाकडी छत, अंगणाकडे मोठी खिडकी आणि स्वतंत्र दार. आम्ही सहा माणसे शेजारच्या दोन खोल्यांत झोपत होतो. कुणाला ते खुपले नाही. वडील पहाटे तीनला उठून गिरणी लावायचे, आमच्या शाळेच्या प्रत्येक कार्यक्रमाला पिठाच्या सदऱ्यावर येऊन मागे उभे राहायचे, आई आजारी असताना वर्षभर त्यांनी स्वतः तिची वेणी घातली. अशा माणसाने देवासाठी एक खोली मागितली तर कोण नाही म्हणणार?

२०११ साली माझी थोरली बहीण आम्पारो दोन मुली घेऊन परत आली. नवरा कामासाठी सीमेपलीकडे उत्तरेला गेला होता आणि त्याचे फोन थांबले होते. तिने अंगणात उभे राहून विचारले, "बाबा, त्या खोलीत राहू का? पोरी मोठ्या होईपर्यंत."

वडील म्हणाले, "माझी खोली घे, पोरी. मी आणि तुझी आई गिरणीत झोपू. पण ती नको मागूस."

हे ते नुसते बोलले नाहीत. लगेच आपली गादी उचलून गिरणीत टाकू लागले. आम्पारोने ती गादी त्यांच्या हातातून ओढून घेतली. "म्हातारे आईबाप पिठात लोळणार, आणि रिकाम्या खोलीला कुलूप? लोक माझ्या तोंडात शेण घालतील. ठेवा तुमची खोली."

किल्ली तेव्हा माझ्या खिशात होती. मी बोललो नाही. वडिलांवरच्या प्रेमाने बोललो नाही असे मी पंधरा वर्षे स्वतःला सांगत आलो. माझ्या दारी बाळ येशू यावा ही हाव माझीही होती.

ताईने बसच्या रस्त्याला पत्र्याची खोली भाड्याने घेतली आणि पानात उकडलेले मक्याचे तामाले विकू लागली. वडील रोज गिरणीचे पहिले, गरम पीठ फडक्यात बांधून तिच्या उंबऱ्यावर ठेवून यायचे. ते कोपऱ्यावर वळले की ती दार उघडायची. सहा वर्षे असेच चालले. एकदा मी विचारले, "बाबा, हाक का नाही मारत तिला?" ते म्हणाले, "हाक मारली तर पुन्हा खोली मागेल. आणि ह्या खेपेला मी देऊन टाकीन." २०१७ साली ते गेले. ताई अंत्यविधीला अंगणापर्यंत आली. आत आली नाही. पीठ पोचवायचे काम माझ्याकडे आले. माझ्यासाठी ती दार उघडते, पण फडके घेऊन आत जाते.

यंदा तिला घरमालकाने ऑक्टोबरअखेर खोली सोडायला सांगितले आहे. तिथे टायरचे दुकान होणार. मुली आपापल्या घरी गेल्या, ताईचा गुडघा सुजलेला असतो. आणि मला या महिन्याच्या तीस तारखेपर्यंत पाळ्यांची यादी सांभाळणारे डॉन मेलितोन यांच्याकडे जाऊन पाळी पक्की करायची होती.

क्रिसान्ताला मी पहिल्यांदा विचारले तेव्हा ती रागावली. "सासरे अठ्ठावीस वर्षं, मरेपर्यंत थांबले, आणि तू पाच महिने राहिले असताना कच खातोस? पूजेचं कापड भरून तयार आहे माझं." दुसऱ्यांदा विचारले तेव्हा ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "दर शनिवारी ती फरशी पुसताना मला ताईच आठवतात. तुला कधी सांगितलं नाही."

परवा, बावीस तारखेला, मी डॉन मेलितोन यांच्याकडे गेलो. त्यांनी वही उघडून ठेवलीच होती. "ये, ये. तुझा बाप दर वर्षी यायचा, आपलं नाव वाचायचा, मिठाई खायचा आणि जायचा. कर सही."

"नाव खोडा, डॉन मेलितोन."

"कुणाचं?"

"आमचं. वडिलांचं आणि माझं."

त्यांनी चष्मा काढला. "शुद्धीवर आहेस ना? खोडलेलं नाव पुन्हा शेवटी लागतं. एकोणचाळीस घरांच्या मागे. तू नसशील तेव्हा."

"माहीत आहे."

"कारण लिहावं लागतं. काय लिहू? भांडण? आजार?"

मी म्हणालो, "लिहा, खोलीत माणूस राहायला आलं आहे."

त्यांनी ते सावकाश लिहिले. यादीतल्या पुढच्या घरातले जोडपे एक वर्ष आधी बोलावणे आले म्हणून रडले असे ऐकतो. ते रडणे आनंदाचे असावे.

मग मी ताईकडे गेलो. आधी विचारले असते तर ती नाही म्हणाली असती.

"वेड लागलं का तुला? देवाला दारातून परत पाठवलंस? जा, नाव लिहून ये."

"आता लिहिलं तर शेवटी लागतं."

"आणि मी नाहीच आले तर?"

"तर देवही नाही आणि तूही नाही, ताई. मी आपली फरशी पुसत बसेन."

तिने चुलीवरच्या भांड्यावर झाकण ठेवले. "बाबांना काय सांगशील?"

"सांगेन की ह्या खेपेला हाक मारली."

तिने पिठाने माखलेल्या मनगटाने डोळे पुसले. मग म्हणाली, "माझा पलंग त्या दारातून जातो का, ते मोजलंस?"

म्हणून ही खोली, निळ्या फरशीसह आणि अंगणाच्या दारासह, माझी बहीण आम्पारो साल्दिवार तापिया हिच्या पूर्ण मालकीची असेल, तिच्यामागे तिच्या मुलींची. जो यावर वाद घालील त्याला या मृत्युपत्रातले दुसरे काहीही मिळणार नाही. ती माझ्या मरणाची वाट बघत बसणार नाही. काल दुपारी इसाउरो आणि मी तिचा पलंग आत नेला. दार अपुरे पडले, म्हणून पाय काढून नेला. जेवण झाल्यावर ती तिथे आडवी झाली आणि दोन तास गाढ झोपली.

हे मी स्वतः लिहिले, साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवले आणि त्यांच्यासमोर सही केली.

फिदेन्सियो साल्दिवार तापिया

साक्षीदार: मेलितोन ओसोर्नो, यादी सांभाळणारे
साक्षीदार: साबिनो कोयोत्ल, शाळामास्तर

सांता मारिया तेकोम्पा, २४ सप्टेंबर २०२६