गळ्याची शपथ

मोहोपाडा,
१२ नोव्हेंबर २०२५

ती. आईंना सुप्रियाचा नमस्कार.

आम्ही इकडे बरे आहोत. भाताची झोडणी आटोपली का? तुमचा उजवा हात आता वर जातो असं प्रवीणभाऊजींकडून कळलं, बरं वाटलं. फोनवर तुम्ही माझ्याशी बोलत नाही, म्हणून हे पत्र. रिया वाचून दाखवेल. रिया, बाळा, आजी रागावली तरी शेवटपर्यंत वाच.

बरे आहोत हे सवयीनं लिहिलं. ह्यांना कंपनीनं घरी बसवलंय. सकाळी हात इतके थरथरतात की चहाची बशी धरवत नाही. मागच्या आठवड्यात मी दारूची बाटली मोरीत ओतून दिली, तर ह्यांना आकडी आली. डॉक्टर म्हणाले, घरी एकदम बंद करू नका, जिवावर बेतेल. दवाखान्यात ठेवून औषधानं सोडवू.

कुंभिवलीचे गॅरेजवाले झाकीरभाई स्वतः यातून सुटलेत, आता दुसऱ्यांना दवाखान्यात नेतात, नंतर दारू सोडलेल्यांच्या बैठकीला बसवतात. दोनदा टेंपो घेऊन दारात आले. दोन्ही वेळा हे भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

"आईच्या गळ्याची शपथ मोडली मी," म्हणाले. "आई पडली ती माझ्यामुळं. मला कशाला वाचवता?"

गौरीच्या सणाला तुम्ही ह्यांचा हात तुमच्या गळ्यावर ठेवून शपथ घ्यायला लावलीत. मायेनंच लावलीत, मला ठाऊक आहे. पुढं हे प्यायले, आणि दसऱ्याला तुम्हाला अर्धांगाचा झटका आला. खाटेवरून तुम्ही म्हणालात, "माझा गळा तूच आवळलास रं." जीभ जड झाली होती, तरी ह्यांना ते नीट कळलं. तुम्ही रक्तदाबाच्या गोळ्या सोडल्या होत्या म्हणून झटका आला, हे डॉक्टरांनी सांगूनही हे मानत नाहीत. मला तुमचा फार राग येतो, आई. लिहून टाकते, म्हणजे पुढचं मागता येईल.

पोरं खेळताना एकमेकांना शपथ घालतात, मग कुणीतरी रडवेलं होऊन म्हणतं, सुटली म्हण. शपथ घालणाऱ्यानं म्हटलं की सुटते. ह्यांना तेवढंच हवंय, आणि ते मला म्हणता येत नाही.

पुढच्या शुक्रवारी, २१ तारखेला सकाळी झाकीरभाई पुन्हा येतील. ह्यांची पिशवी भरून दाराशी ठेवलीय. रियाच्या फोनवरून फोन लावा. मी तो ह्यांच्या कानाशी धरीन. माझ्याशी बोलू नका. ह्यांना एवढंच म्हणा, "सुटली रं, मनोज. जा."

तुमचा मुलगा जिवंत राहावा म्हणून हात जोडणारी,
तुमची सून
सुप्रिया