तिन्हीसांजेचं विरजण

९ फेब्रुवारी, सोमवार

पहिली आली ती समोरची. मला वाटलं व्हतं खालच्या मजल्यावरची मास्तरीण येईल, जिन्यात रोज हसती. पण तिचं हसणं जिन्यातच संपतं. आली ती समोरच्या दाराची शांती. मद्रासकडची पोर, नवरा रेल्वेत गार्ड, लग्नाला वर्ष न्हाई झालं. गच्चीवर वाळत घातलेला माझा परकर उडून जिन्यात पडला व्हता, तो घेऊन आली. घडी घालून. परकराची घडी आमच्याकडं कोण घालतंय.

मी म्हटलं बस, च्या घे. तिनं मान हलवली. व्हय का न्हाई कळलं न्हाई. तवर गेलीसुदिक.

तरी आली. दौंडात येऊन सव्वीस दिवस झाले. लेकाचे न् सुनंचे पाव्हणे सोडले तर माझं म्हणून आलेलं हे पहिलंच माणूस.

वही ओवीची, गेल्या सालची, उरलेली पानं माझी. नात तिसरीत, मी बी तिसरीच शिकलेली, म्हंजी एका वर्गातल्या. ती म्हणती रोज चार ओळी लिही, मी चुका तपासते. देणार न्हाई तपासायला.

११ फेब्रुवारी, बुधवार

गावाकडनं, निमोण्याहून, सुमनचा फोन. माझी धाकटी जाऊ. काशी, माझी म्हैस, येताना तिच्याच दावणीला बांधून आले. सुमन म्हणाली, बाई, होळीपतुर काय ते सांगा. एकदा का ती माझ्या हाताला रुळली की तुमाला धार द्यायची न्हाई. येणार असाल तर मी बेतानं घेते.

खरं हाय तिचं. म्हैस माणसापेक्षा पक्की. एका हाताची झाली की झाली.

लेकाला, संतोषला, मी निघतानाच सांगितलं व्हतं, होळीपतुर बघते, जीव रमला तर राहते. ह्यांना जाऊन चार वर्षं झाली, पोराला वाटतं आई एकटी पडली. एकटी कुठली, काशी व्हती, सुमन व्हती, ताकाला येणाऱ्या बाया व्हत्या. एकटी तर मी इथं हाय. नवाला संतोष कंपनीत, सून मनीषा तिच्या लॅबमधी, ओवी शाळंत. मग तीनपतुर मी न् नळ.

तक्रार न्हाई हं. नळाला पाणी हाय, जिना चढला की गुडघा बोलतो पण तो तिकडं बी बोलायचा. रातच्याला ओवी पोटावर पाय टाकून झोपती. एवढं सुख मला म्हातारपणी मिळंल असं वाटलं न्हवतं. फकस्त दार. इथं दार लावून बसतात. लावलं की आपोआप कुलूप पडतं. मी वरवंटा लावून उघडं ठेवते. मनीषा आली की वरवंटा उचलून वट्यावर ठेवती. मी परत लावते. आमचं असं चाललंय.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

दिवा लावत व्हते. ओवी शुभंकरोती म्हणत व्हती, मधीच थांबली, म्हणाली आजी, कोणतरी आलंय. शांती. हातात वाटी. म्हणाली, "आजी, दही थोडा. दूध में डालने को."

मी म्हटलं, "आता न्हाई. सकाळी ये."

हात मागं गेला तिचा. ठीक है म्हणाली. दार लागल्याचा आवाज आला.

तिन्हीसांजेला दूध, दही, मीठ घराबाहेर द्यायचं नस्तंय. लक्षुमी जाती त्याच्यासंगं. सासूबाईंनी सख्ख्या बहिणीला उंबऱ्यातनं परत पाठवलेलं मी बघितलंय. ती मावशी हसत गेली, सकाळी हसत आली. त्यात काय एवढं.

ओवी म्हणाली, आजी, आपल्याकडं तर पातेलंभर दही आहे.

१४ फेब्रुवारी, शनिवार

काल सकाळी आली न्हाई. आज न्हाई. वाटीभर दही काढून झाकून ठेवलेलं, दोनदा आम्हीच खाल्लं.

दुपारी जिन्यात दिसली, पिशवी घेऊन चढत व्हती. मी थांबले. ती खाली बघून गेली. पदर लागला माझ्या हाताला, एवढी जवळून.

मनीषाला सांगितलं. ती म्हणाली, "आई, तिला काय कळणार तिन्हीसांज? तिला वाटलं असेल म्हातारी चिकट आहे."

चिकट. मी. आमच्या दारात सकाळी ताकाला बाया तांबे घेऊन उभ्या राहायच्या. ताक कुणाला न्हाई म्हटलेलं मला आठवत न्हाई. बाळंतिणीला तर घरपोच. काशीची आई व्हती तवा दोन रांजण ताक व्हायचं. येताना काशीचंच दही मांडीवर धरून आणलं येष्टीत, न्हावरे गावाच्या पुढं गाडी उसळली न् निम्मं पदरावर सांडलं. उरलं त्याचंच इथं पिशवीच्या दुधाला विरजण लावते. पातळ लागतंय, पण लागतंय.

आन् दौंडात माझं नाव काय, तर चिकट.

आज एवढंच. चुका लई झाल्या असतील.

१६ फेब्रुवारी, सोमवार

काल शिवरात्रीचा उपास व्हता. आज पारणं केलं, म्हटलं आता आपणच जावं. मोठ्यानं कमीपणा घ्यावा. सकाळी सात वाजता, लख्ख उजेडात, ह्यांचं नाव कोरलेल्या वाटीत दही घेतलं न् समोर गेले. दाराला कडी न्हाई. बटण हाय. मी कवा दाबलेलं न्हाई, आमच्या दारात पोचायच्या आधीच ओरडायची पद्धत. दाबलं. वाजाया लागलं. कुणी येईना म्हणून दाबूनच धरलं.

दार उघडलं तर तिचा नवरा, बनियनवर, डोळे लालभडक. रात्रपाळी करून नुकता झोपलेला. मी वाटी पुढं केली. मला वाटलं हिंदी बोलंल. तो म्हणाला, "काय झालं आजी? कोण आजारी हाय का?" अस्सल दौंडचं मराठी. इथंच जन्मलेला, आजा बी रेल्वेत व्हता म्हणं. म्हणाला शांती बाजारात गेलीय. मी येवढी बावरले, नुसतं दही दही म्हणाले. त्यानं वाटी घेतली, बरं म्हणाला, दार लावलं.

झोपमोड केली माणसाची. संतोष रातपाळी करायचा तवा मी शेजारच्या कोंबड्याला बी दगड मारायची.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

वाटी आली न्हाई. तीन दिवस झाले. गावाकडं वाटी दुसऱ्या दिवशी येती, तीबी रिकामी न्हाई, चार शेंगा का व्हईना.

सुमनचा फोन आला. काशीनं दोन दिवस पान्हा चोरला. मला बरं वाटलं. वाटू नये, पण वाटलं. सुमनच्या लेकराच्या तोंडचं कमी झालं न् मी इकडं खूश. सुमनला म्हटलं तिला माझं जुनं लुगडं हुंगव. सुमन हसली, म्हणाली, "बाई, तुमीच या की लुगड्यासकट."

दुपारभर तेच डोक्यात.

२१ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी संतोषला म्हटलं, उद्या सुट्टी हाय, मला निमोण्याला सोड.

तो बुटाची नाडी बांधत व्हता. मान वर न करता म्हणाला, "सोडतो. पण समोरच्या दारावर रुसून जाऊ नको. जायचं तर काशीसाठी जा."

पोटचं पोर कवा कवा सासऱ्यासारखं बोलतं. मी म्हटलं ऱ्हाऊ दे, उद्या नको.

मग ओवीनं पुस्तक काढलं न् मला वाचायला लावलं. जोडाक्षरात अडकले की ती माझ्या सासूबाईंसारखी भुवई चढवती. त्या तिनं कवा बघितल्या बी न्हाईत. कुठनं येतं हे.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

आज लई लिहायचंय. ओवीला पेन मागून घेतलं, माझं संपलं.

सकाळी दहाला, घरात मी एकटीच. वरवंटा लावलेला, दार अर्धं उघडं. शांती. पाठीमागं एक म्हातारी, माझ्याएवढीच, नाकात दोन्ही बाजूला चमक्या, केसांत आबोलीचा वळेसर. शांतीची अम्मा, काल रेल्वेनं आली. शांतीच्या हातात माझी वाटी, ताटलीनं झाकलेली.

बसलीच न्हाई ती. उभ्यानं म्हणाली, "आजी, गलती मेरा. दिया जलाने का टाइम मैं दही मांगने को आयी. हमारे घर में भी नहीं देते."

मी म्हटलं, काय?

तर तिच्या माहेरी बी तसंच. दिवेलागणीला दही, मीठ बाहेर जात न्हाई. त्या दिवशी दूध तापवून ठेवलं न् विरजण संपलेलं ध्यानात आलं, घाईत धावत आली. मी न्हाई म्हटल्यावर आठवलं. रात्री फोनवर अम्माला सांगितलं तर अम्मानं असं झाडलं, म्हणाली परक्या गावात जाऊन माहेरची लाज घालवलीस, ती बाई म्हणत असेल हिला आईनं काय शिकवलं न्हाई. म्हणून ती मला तोंड दाखवत न्हवती. जिन्यात खाली बघून गेली ती त्यासाठी.

आन् मी इकडं चिकट म्हणून बारा दिवस जळतेय.

वाटीचं तर अजून येगळंच. नवऱ्यानं दही भाताशी खाल्लं, वाटी घासून मांडणीत लावली न् ड्यूटीवर गेला. सांगायचं विसरला. शांतीला मराठी अक्षर येत न्हाई, तिला वाटलं सासूच्या भांड्यांतली. काल त्यानं सांगितलं तवा कळलं. त्यात चिंचेचा भात व्हता, कढीपत्ता न् शेंगदाणे घातलेला. रिकामी न्हाई आली ह्यांची वाटी.

मी हसाया लागले. शांती घाबरली. मग अम्मा हसली, तिला न कळता. मग तिघी.

अम्माला मराठी येत न्हाई, हिंदी न्हाई. मला तमिळ कशाला येतंय. पण बोललो आम्ही. मी माझं, ती तिचं. मधी शांती कवा सांगायची, कवा राहू द्यायची. अम्मानं माझं दही बघितलं. पातेलं तिरकं केलं, दही हललं, तिनं ओठ असे केले. पातळ. मी म्हटलं काशीच्या दुधाचं बघायचं व्हतं तुम्ही, सुरीनं कापावं लागायचं. शांतीनं सांगितलं तसं अम्मानं विचारलं काशी कुठं हाय. मी सांगितलं सगळं, होळीचं बी सांगितलं. अम्माची बी गाय गेल्या साली भावाला दिली म्हणं.

मग तिनं मिरच्या मागितल्या. देठ खुडले, बचकभर, न् कोमट दुधात टाकले. विरजण नसलं तरी लागतं म्हणाली. त्या रात्री शांतीनं फोनवर ऐकून तसंच केलेलं. साठ वर्षं दह्यात घातली, हे मला ठाऊक न्हाई. झाकून ठेवलंय. उद्या कळंल.

जाताना अम्मानं दारातला वरवंटा बघितला. उचलला, मला काहीतरी बोलली, रागानंच. शांती म्हणाली, अम्मा कहती है, पीसने का पत्थर जमीन पे नहीं रखते. अम्मानं धुतला न् वट्यावर ठेवला. सुनंला महिनाभर जमलं न्हाई ते तिनं पहिल्या दिवशी केलं. दार लागून गेलं. माझ्या ध्यानात आलं ते मनीषानं चावी लावली तवा.

सुमनला फोन करायला घेतला व्हता. ठेवून दिला. होळीला अजून आठवडा हाय.

गुरुवारी येतो म्हणाल्या, दोघी. सकाळी.